घरच्या इनक्युबेटरमध्ये अंडी का फुटत नाहीत? या चुका टाळा

कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू साधारण २१ दिवसांत निघतं. बाविसावा दिवस उलटला की इनक्युबेटरच्या पेटीत उरलेली अंडी बहुतेक जण उचलतात आणि थेट उकिरड्यावर टाकतात. मला सगळ्यात मोठी चूक हीच वाटते. ४० अंड्यांतून १५ पिल्लं निघाली, तर उरलेल्या २५ अंड्यांचं काय झालं हे त्या २५ अंड्यांतच दिसतं. घरापासून लांब जाऊन एकेक फोडा आणि बघा. वास येतो, जीव कचरतो, पण पुढच्या खेपेला काय बदलायचं ते दुसरं कुणी सांगू शकत नाही.

माझं घर सातारा जिल्ह्यातल्या कोरड्या माण तालुक्यात, दहिवडीच्या बाजूला. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीखाली एका वेळी १०-१२ अंडी बसतात, आणि कडकनाथ जातीची कोंबडी तर सहसा खुडूक बसतच नाही. म्हणून थर्माकोलचा खोका, दोन बल्ब, संगणकातला छोटा पंखा आणि ठरलेल्या तापमानाला बल्ब चालू-बंद करणारा डिजिटल थर्मोस्टॅट जोडून पेटी केली. तशीच एक त्याच जिल्ह्यातल्या, पण भरपूर पावसाच्या पाटण तालुक्यात, ढेबेवाडीला, आत्याला करून दिली. माप तेच, सामान तेच. तरी एप्रिलमध्ये माझी पिल्लं चोच बाहेर काढून पापुद्र्याला चिकटून मेली, आणि जुलैमध्ये आत्याची पिल्लं कवचातच ओली, फुगलेली सापडली. आत्या म्हणाली, "आरं, पेटी तीच हाय, मग पिल्लं अशी दोन तऱ्हेनं का मरत्यात?" अंडी फोडली नसती तर हा प्रश्नच पडला नसता.

फोडलेल्या अंड्यात काय दिसतं

आत पांढरं-पिवळं जसंच्या तसं असेल, तर अंड्यात जीव धरलाच नव्हता किंवा अंडं फार शिळं होतं. रक्ताचं कडं दिसलं, तर गर्भ पहिल्या तीन-चार दिवसांतच गेला: अंडी साठवताना चुकली, फार हादरली किंवा सुरुवातीलाच पेटी जास्त तापली. अर्धवट वाढलेलं पिल्लू असेल, तर अंडी फिरवण्यात खंड पडला का, लाईट बराच वेळ गेली होती का, कोंबड्यांना नुसत्या धान्यावर ठेवलं होतं का, हे आठवून बघा. पूर्ण वाढलेलं, पिसं आलेलं, पण कवच न टोचताच मेलेलं पिल्लू बहुतेक वेळा ओलावा किंवा हवा चुकल्याचं सांगतं.

निघालेली पिल्लंही बोलतात. १९-२० व्या दिवशीच घाईनं निघाली, अंगानं लहान, बेंबी उघडी, तर पेटी गरम चालली. २२-२३ व्या दिवशी निघाली, पोट मोठं आणि मऊ, पायांत जोर नाही, तर पेटी थंड चालली.

अंडी निवडतानाच्या चुका

दुकानातली पांढरी अंडी पेटीत ठेवून २१ दिवस वाट बघणारे लोक मी पाहिलेत. ती पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची असतात, तिथं कोंबडा नसतो, म्हणून त्यांतून काहीच निघत नाही. गावरान कळपातही ८-१० कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा हवा.

अंडी सात दिवसांच्या आतली घ्या. दहा दिवसांनंतर निघण्याचं प्रमाण झपाट्यानं पडतं. साठवताना निमुळतं टोक खाली ठेवा आणि जागा थंड बघा, १५ ते १८ अंश उत्तम. फ्रिज त्यासाठी फार गार पडतो. उन्हाळ्यात माठाशेजारची जमीन चालते. मळलेलं अंडं थंड पाण्यानं धुऊ नका. आतला भाग गार होऊन आकसतो आणि कवचाच्या छिद्रांतून घाण आत ओढली जाते. कोरड्या घासणीनं हळूच पुसा, फार घाण असेल तर ते खायला ठेवा. कुरिअरनं मागवलेली अंडी आल्याबरोबर पेटीत घालू नका, १२ ते २४ तास शांत ठेवा.

आणि एक, रोज दोन-दोन अंडी चालू पेटीत वाढवत जाऊ नका. शेवटचे तीन दिवस ओलावा वाढवायचा असतो आणि अंडी फिरवणं बंद करायचं असतं. मागाहून घातलेल्या अंड्यांना नेमकं उलटं हवं असतं.

आकड्यावर डोळे झाकून विश्वास

थर्मोस्टॅटवर ३७.५ दिसतं म्हणजे अंड्यालाही ३७.५ मिळतंय, असं नाही. स्वस्त सेन्सर एखाद्या अंशानं सहज चुकतो, आणि सलग २१ दिवस एक अंश चुकला तर सगळी खेप हातची जाते. तपासणं सोपं आहे. मेडिकलमध्ये मिळणारा तापाचा डिजिटल थर्मामीटर आणि पेटीचा सेन्सर एकाच भांड्यातल्या कोमट पाण्यात धरा आणि फरक लिहून ठेवा. सेन्सरची तार पाण्यात चालणारी आहे ना, तेवढं आधी बघा.

पंख्याच्या पेटीत ३७.५ ते ३७.७ अंश ठेवा, म्हणजे फॅरनहाइटमध्ये साधारण ९९.५ ते १००. पंखा नसेल तर वरची हवा गरम आणि खालची थंड राहते, म्हणून अंड्याच्या वरच्या पातळीला ३८.३ ते ३८.८ अंश हवेत. सेन्सर बल्बसमोर किंवा झाकणाला चिकटवलेला मी कित्येक ठिकाणी पाहिला. तो अंड्यांच्या मधोमध, अंड्याच्याच उंचीवर हवा. पेटी बनवली की रिकामी निदान २४ तास चालवून बघा, मगच अंडी ठेवा.

बल्ब पिवळ्या उजेडाचे, जुन्या तारेचेच घ्या. एलईडीनं पेटी तापत नाही. एक मोठा बल्ब लावण्यापेक्षा कमी वॅटचे दोन लावा, म्हणजे एक उडाला तरी दुसरा तग धरतो. बल्ब आणि थर्माकोल यांत चांगलं अंतर ठेवा आणि मध्ये पत्र्याचा तुकडा घाला. थर्माकोल लवकर वितळतो आणि पेटही घेतो. पाण्याचं भांडं आणि विजेचा उघडा जोड जवळ नको. थर्मोस्टॅटमधला रिले, म्हणजे बल्ब चालू-बंद करणारा खटका, चिकटला की बल्ब बंदच होत नाही. त्यासाठी ३८.५ वर तोडणारा दुसरा थर्मोस्टॅट जोडीला लावला, तेव्हापासून मी रात्री उठून बघायचं सोडलं.

उन्हाळ्यातली पत्र्याची खोली

ही पेटी तापवू शकते, गार करू शकत नाही. थर्मोस्टॅट बल्ब बंद करेल, पण एप्रिलच्या दुपारी पत्र्याखालची खोलीच ४१ अंशांवर गेली तर पेटीही तिथंच जाणार. अंडं थोडा वेळ गार झालेलं सोसतं, तापलेलं सोसत नाही. ४० च्या वर काही तास गेले की गर्भ मरू लागतात. आमच्याकडे जुन्या घराचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, अजून शाबूत आहे, मातीच्या त्या खोलीत दुपारी पत्र्यापेक्षा कितीतरी गारवा असतो. आता पेटी तिथंच ठेवतो. तुमच्याकडे फक्त पत्रा असेल तर एप्रिल-मेची खेप घेऊच नका. त्याच पत्र्याखाली डिसेंबरची पहाट उलट्या बाजूनं घात करते. पडवीत वारं लागतं आणि बल्ब सतत जळत राहतो.

ओलावा: माणचा हिशेब पाटणला चालत नाही

बहुतेकांना एकच सांगितलेलं असतं: पेटीत पाण्याची वाटी ठेवा. किती मोठी, कोणत्या महिन्यात, हे कुणी सांगत नाही. माझी आणि आत्याची खेप इथंच गेली.

अंड्यातलं पाणी १८ दिवसांत हळूहळू उडायला हवं, वजनाच्या साधारण १२-१३ टक्के. त्यानं बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते आणि पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीत घेतं. पाणी कमी उडालं तर पोकळी लहान राहते, पिल्लू फुगतं, त्याला वळायला जागा उरत नाही. जास्त उडालं तर पापुद्रा चामड्यासारखा वाळून अंगाला चिकटतो. म्हणून पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के ओलावा सांगतात.

आता बाहेरच्या हवेकडे बघा. हवा तापली की तिच्या ओलाव्याची टक्केवारी घटते. जुलैमध्ये ढेबेवाडीला खोलीतली हवा २५ अंशांची आणि ९० टक्के ओली असते. ती पेटीत ३७.५ अंशांवर गेली की साधारण ४५ टक्क्यांवर येते, म्हणजे पाणी न ठेवताच पेटी जागेवर. आत्यानं मी सांगितलं म्हणून दोन वाट्या भरून ठेवल्या होत्या. माझं सांगणंच तिच्या गावाला लागू नव्हतं. उलट एप्रिलमध्ये माझ्या खोलीत ओलाव्याचा मीटर २० टक्के दाखवतो, तेव्हा एक वाटी म्हणजे काहीच नाही. पाणी किती खोल आहे याला अर्थ नसतो, ते किती पसरट आहे याला असतो. म्हणून मी वाटी काढली आणि ताटली ठेवली, कडक उन्हाळ्यात तिच्यात कापडाची पट्टीही सोडतो. आत्याकडे पावसाळ्यात १८ व्या दिवसापर्यंत भांडं कोरडं असतं, त्यानंतर एकच वाटी कोमट पाणी.

मीटर तपासायचा असेल तर बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला आणि मीटरसह हवाबंद पिशवीत आठ-दहा तास ठेवा. ७५ टक्के दाखवायला हवं. मीटरपेक्षाही खरा म्हणजे वजनकाटा. १० अंडी एकत्र ४५० ग्रॅम भरली, तर सातव्या दिवशी सुमारे ४२८ आणि अठराव्या दिवशी सुमारे ३९५ ग्रॅम यायला हवीत. जास्त उतरली तर पाणी वाढवा, कमी उतरली तर भांडं काढा. ओलावा वाढावा म्हणून हवेची भोकं मात्र बुजवू नका. वाढलेल्या गर्भाला भरपूर हवा लागते.

फिरवणं आणि उजेडात बघणं

अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीनं फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. विषम संख्या यासाठी, की लांबलचक रात्र रोज एकाच कुशीवर जाऊ नये. पहिल्या आठवड्यात खंड पडला तर तो पुढं भरून निघत नाही. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर भोक पाडलेला पुठ्ठा धरा आणि त्या भोकावर अंडं ठेवून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसल्या की अंडं जिवंत. वास येणारं अंडं लगेच काढा, पेटीत फुटलं तर बाकीच्यांनाही घाण लागते.

शेवटचे तीन दिवस हात लावायचा नाही

अठराव्या दिवशी फिरवणं थांबवा, पाणी वाढवा आणि झाकण बंद करा. नेमकं आता घरातली पोरं, शेजारी, सगळेच बघायला येतात, आणि प्रत्येकासाठी झाकण उघडलं जातं. उघडलं की ओली हवा क्षणात बाहेर जाते आणि कवच टोचून बसलेल्या पिल्लावरचा पापुद्रा सुकतो. झाकणाला काचेची खिडकी ठेवा, ती या तीन दिवसांसाठीच असते.

पहिलं भोक पडल्यापासून बाहेर यायला १२ ते २४ तास लागतात. पिल्लू थांबलेलं दिसतं, पण त्या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढत असतं आणि पापुद्र्यातलं रक्त अंगात घेत असतं. चार तासांत कवच सोलायला गेलात तर रक्त येतं आणि चांगलं पिल्लू हातात मरतं. मी असं पिल्लू गमावलंय, तो पश्चात्ताप अजून जात नाही. २४ तास उलटले आणि पापुद्रा तपकिरी, वाळलेला दिसला, तरच कोमट पाण्यानं ओला करून बोथट टोकाकडून थोडा काढा. रक्ताचा थेंब दिसला की थांबा.

निघालेली पिल्लं पूर्ण सुकेपर्यंत आतच राहू द्या. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस सहज तग धरतात, खाण्यापाण्यासाठी घाई नको.

लाईट गेली तर

झाकण उघडू नका. वरून गोधडी टाका, पण भोकं मोकळी ठेवा. तास-दोन तासांनी लाईट येणार असेल तर एवढं पुरे. जास्त वेळ जाणार असेल तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कडेला ठेवा. रात्रीच्या थ्री फेज विजेवर शेतातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि बल्ब मिणमिणतो. पेटीची सर्वांत थंड वेळ तीच असते, त्या वेळी एकदा आकडा बघा.

पिल्लं निघाल्यावरच्या चुका

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीला सुमारे ३५ अंश हवेत, पुढं दर आठवड्याला तीन अंश कमी करा. पिल्लंच खरं तापमान सांगतात: बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी, कडेला जाऊन चोची उघडून धापा टाकत असतील तर उकाडा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या, न दिसणाऱ्या विषारी वायूनं पिल्लं मरतात आणि त्या खोलीत झोपलेली माणसंही.

गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय घसरून फाकतात, आणि असं पिल्लू पुढं चालतच नाही. पाटणकडे भाताचं तूस आहे, आमच्याकडे शेंगांची टरफलं. पहिले दोन-तीन दिवस त्यावर खरबरीत कापड अंथरा, नाहीतर पिल्लं खाद्य समजून तेच टिपतात. पाणी उथळ ताटलीत, त्यात खडे घालून ठेवा. नुसत्या तांदळाच्या कण्यांवर पिल्लं जगतात, पण वाढत नाहीत. पहिले काही आठवडे २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य, द्या.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस टाळणं ही सर्वांत महाग पडणारी चूक. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची लस, अठ्ठावीसाव्या दिवशी पुन्हा लासोटा, आणि सहा ते आठ आठवड्यांनी देवीची लस. तुमच्या भागातलं नेमकं वेळापत्रक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. बाटली निदान १०० मात्रांची येते, म्हणून २० पिल्लांसाठी कुणी आणत नाही. आळीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकाच आठवड्यात अंडी लावा आणि एकच बाटली आणा. ती बर्फावर, थर्मासमध्ये आणायची आणि विरघळवल्यावर दोन तासांत संपवायची. पिल्लं एकदम मरू लागली तर ताजं मेलेलं पिल्लू प्लास्टिकमध्ये गुंडाळून, बर्फात ठेवून, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या दवाखान्यात दाखवा. फ्रीझरमध्ये गोठवू नका, गोठलेल्या शरीरातून रोग ओळखणं अवघड होतं.