मालदीवच्या सफारी बोटीवर चढण्याआधी

ठाण्यातून मालदीवच्या सफारी बोटीवर जायचं ठरलं की पहिला विषय निघतो तो बॅगेचा आणि कॅमेऱ्याचा. माझं ऐकाल तर बॅग सगळ्यात शेवटी भरा. आधी सराव, मग शरीर, मग कागदपत्रं. आठवडाभर बोटीवरच राहायचं आणि दिवसाला तीन-तीन स्कूबा डाइव्ह करायच्या, तर तिथे कमी पडलेला सराव पैसे देऊन विकत मिळत नाही.

मालवणला प्रशिक्षकाचा हात धरून मारलेली बुडी प्रमाणपत्रात धरली जात नाही, हे आधी स्पष्ट करून घ्या. ओपन वॉटर कोर्स केला की १८ मीटरपर्यंत जाता येतं, अ‍ॅडव्हान्स्ड केला की ३० मीटरपर्यंत. आणि मालदीवमध्ये हौशी डायव्हरसाठी ३० मीटर हीच मर्यादा आहे. तिथल्या चांगल्या जागा म्हणजे कंडू आणि थिला: दोन बेटांमधली खिंड, नाहीतर पाण्याखालचा उंचवटा. प्रवाह जोराचा असतो, म्हणून बऱ्याच बोटी अ‍ॅडव्हान्स्ड आणि नोंदवहीत ठरावीक डाइव्ह मागतात. ते पुरं नसेल तर आधी तारकर्ली, नेत्राणी किंवा अंदमान करा, घाई नको. पाण्यात वरखाली न होता स्थिर तरंगणं आणि पाच मीटरवर थांबून फुगा वर सोडणं, या दोन गोष्टी हातात बसल्या पाहिजेत. प्रवाहात गटापासून वेगळे झालात तर त्या नारिंगी फुग्यावरूनच धोणीवाला, म्हणजे डाइव्हला नेणाऱ्या छोट्या बोटीचा माणूस, तुम्हाला शोधतो.

तारखांचं म्हणाल तर जानेवारी ते एप्रिल. ईशान्येचे वारे असतात, समुद्र शांत, पूर्वेच्या खिंडींत पाणी स्वच्छ. शाळकरी मुलांच्या आईबाबांना परीक्षेनंतरचा एप्रिल सोयीचा पडतो. मे महिन्यापासून नैर्ऋत्येचा पाऊस सुरू होतो. मात्र बा अटॉल या प्रवाळबेटांच्या समूहातल्या हनिफारूला मांटा रे, म्हणजे पंखांसारखे कल्ले असलेले मोठे चपटे मासे, जमतात ते साधारण जून ते नोव्हेंबरमध्ये, आणि तिथे स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्कलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून पृष्ठभागावरून पोहणं, चालतं. मांटासाठीच जाणाऱ्यांनी हे बुकिंगच्या आधी लक्षात घ्यावं.

शरीराची तयारी दोन महिने आधी सुरू करा. महापालिकेच्या तरणतलावात फिन घालून पोहण्याची परवानगी मिळते का विचारा. नाही मिळाली तर रोज नुसतं पोहा आणि रविवारी येऊरचा चढ चढा. दमा, रक्तदाब, कानाचं किंवा सायनसचं जुनं दुखणं असेल तर बोटीच्या आरोग्य-फॉर्मवर लपवू नका. डॉक्टरांना दाखवून लेखी घ्या. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही, एवढं मनाशी पक्कं करा. गोळी घेऊन खाली गेलात आणि तिचा असर खालीच ओसरला, तर वर येताना सायनसमध्ये हवा अडकते आणि असह्य दुखतं. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी आणि ती घरी एकदा घेऊन बघावी, झोप किती येते ते कळतं. आलेपाक सोबत असू द्या.

पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज आताच करा. भारतीयांना मालदीवमध्ये उतरल्यावर मोफत व्हिसा मिळतो, पण निघण्याआधीच्या ९६ तासांत प्रवासी-नोंदीचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. दारू आणि डुकराचं मांस न्यायला मनाई आहे. नेहमीच्या प्रवास विम्यात स्कूबा बहुधा नसतं, असलं तरी किती मीटर खोल जायचं याची अट असते; ती ओळ वाचा. दाब-कक्षातले उपचार (डाइव्हनंतर त्रास झाला तर वाढीव दाबाच्या बंद खोलीत ठेवून करतात ते) आणि तिथवर नेण्याचा खर्च ज्यात धरला आहे असाच विमा घ्या. इथे काटकसर मला अजिबात मान्य नाही.

बोट निवडताना मात्र फोटोंवर जाऊ नका. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाजवळ ‘कन्सेप्शन’ या डाइव्ह बोटीला पहाटेआधी आग लागली आणि ३४ माणसं गेली. ती सगळी खाली झोपली होती आणि फेरी मारून लक्ष ठेवणारं कुणीही जागं नव्हतं. म्हणून बुक करताना सरळ विचारा: रात्री पहारा असतो का? झोपायच्या खोल्यांतून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? कॅमेऱ्याच्या आणि टॉर्चच्या बॅटऱ्या चार्ज कुठे करायच्या? उत्तर देताना जो कुरकुरतो त्याची बोट सोडा. तुम्हीही उशाशी बॅटरी चार्जिंगला लावून झोपू नका.

आता बॅग. ती कापडी घ्या. कडक सुटकेस केबिनमध्ये ठेवायला जागा नसते. चष्मा असेल तर नंबरचा मास्क, स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर (किती खोल आणि किती वेळ आहात ते दाखवणारं यंत्र), फुगा, शिट्टी आणि पाण्याचं तापमान २७ ते ३० अंश असतं म्हणून तीन मिलिमीटरचा वेटसूट एवढं पुरे. पॉवरबँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच, चाकू मात्र चेक-इनच्या बॅगेत. बाकी सामान भाड्याने मिळतं. शाकाहारी असाल, उपास असेल, तर बोटीला आठवडाभर आधी कळवा आणि खाकरा-चटणी जवळ ठेवा.

परतीचं तिकीट काढताना शेवटची डाइव्ह आणि विमान यांत किमान १८ तास लागतातच. मी २४ धरते. आणि निघण्याआधी बोटीचं नाव, एजंटचा नंबर, विम्याचा क्रमांक घरी लिहून द्या. समुद्रात रेंज जाते, तेव्हा एक दिवस फोन लागला नाही तर घाबरू नका, दुसऱ्या दिवशी एजंटला फोन करा, असं आईबाबांना समोर बसून सांगा.