रोल केज पायांवर उभा राहतो: जुन्या गाडीत अर्धा केज आणि मागच्या ॲक्सलचे ब्रॅकेट

रोल केज म्हणजे गाडी उलटली तरी छप्पर दबू नये म्हणून आत बसवायचा पाइपांचा सांगाडा. तो करायचा ठरला की पहिला प्रश्न येतो, पाइप कोणता? त्याआधी गाडी लिफ्टवर घ्या आणि खालून बघा. जुन्या हॅचबॅकचा फ्लोअरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा असतो. गाडी उलटली तर सगळं वजन केजच्या पायांवर येतं. पाय नुसत्या फ्लोअरवर टेकलेला असेल तर तो पत्रा फाडून खाली जातो आणि छप्पर डोक्यावर येतं. पाइप शाबूत राहतो, पण त्याचा उपयोग होत नाही.

सांगलीत हा मुद्दा जास्तच जपावा लागतो. २०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुरात उभ्या राहिलेल्या गाड्या अजून सेकंड हँड बाजारात फिरतात. वरून रंग चकाचक असतो आणि दाराखालच्या सिलच्या पोकळीत गाळ बसलेला असतो. सिलच्या तळाची रबरी बुचं काढा आणि आत तार घालून बघा. लाल भुकटी किंवा सुकलेला गाळ आला, तर पोकर (टोकदार सळई) टोचत सिलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जा. टोचलं की आत जाणारा पत्रा आधी कापून बदलायचा. गंजक्या पत्र्यावर जाड प्लेट लावली तर तिच्या कडेनेच पत्रा फाटतो.

कायद्याचंही आधीच बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी आरसी जुळेनाशी होईल असा बदल चालत नाही. बेकायदा बदलासाठी कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अर्ध्या केजचे, म्हणजे फक्त पुढच्या सीटमागे बसणाऱ्या केजचे, मागचे तिरके पाइप मागच्या सीटवर बसणाऱ्याच्या डोक्याजवळून जातात, म्हणून मागची सीट काढावीच लागते आणि आरसीवरची आसनक्षमता बदलते. त्यामुळे पाइप कापण्याआधी एमएच-१० च्या, म्हणजे सांगलीच्या आरटीओ कार्यालयात लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. परवानगी नसेल तर अशी गाडी ट्रॅकसाठीच ठेवायची. स्पर्धेत उतरायचं असेल तर एफएमएससीआयची (भारतातल्या मोटर स्पर्धांची नियामक संस्था) त्या वर्षाची नियमपुस्तिका हातात घेऊनच काम सुरू करा.

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत पूर्ण केज आम्ही सुचवत नाही. पुढचे पाय आणि छपराच्या कडेचे पाइप चालकाच्या कपाळापासून वीतभर अंतरावर येतात. ट्रॅकवर हेल्मेट असतं. रस्त्यावर उघडं डोकं किरकोळ धडकेतही पाइपवर आपटतं आणि ती जखम मूळ अपघातापेक्षा वाईट ठरते. पुढच्या सीटमागे एक मुख्य हूप (उलट्या यू आकाराचा पाइप), त्यात एक कर्ण, एक आडवा पाइप आणि मागे दोन तिरके आधार, एवढंच करा. कंपनीचे तीनबिंदू पट्टे तसेच ठेवा. हूप पट्ट्याच्या वरच्या कडीला अडत नाही ना, ते साचा लावतानाच तपासा.

पाइप

दुकानात "दीड इंची सीमलेस" मागितलं तर हमखास पाण्याचा किंवा वाफेचा पाइप समोर येतो. तो दीड इंच म्हणजे नॉमिनल बोअर, पाइपचं नुसतं नावाचं माप. बाहेरचा व्यास ४८.३ मिमी, शेड्यूल ४० (भिंतीच्या जाडीची श्रेणी) असेल तर भिंत ३.६८ मिमी, वजन मीटरला चार किलो. तो घेऊ नका. कोल्ड ड्रॉन सीमलेस (थंड ओढून केलेला, विनाजोड) मागा आणि बाहेरचा व्यास व भिंत मिलिमीटरमध्ये सांगा. एफआयएच्या (आंतरराष्ट्रीय मोटर स्पर्धा महासंघ) परिशिष्ट जे, कलम २५३ मध्ये मुख्य हूपसाठी किमान ४५ × २.५ किंवा ५० × २.० मिमी आणि बाकीच्यांसाठी ३८ × २.५ किंवा ४० × २.० मिमी दिलंय. किमान ताणशक्ती ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी. रस्त्याच्या गाडीलाही हेच माप धरा. टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) मागून घ्या आणि कापलेल्या टोकाला व्हर्नियर लावून भिंत चार ठिकाणी मोजा. जीआय (जस्त चढवलेला) पाइप तर घेऊच नका, कारण वेल्डिंगमध्ये जस्ताचा धूर छातीत जातो आणि वेल्डच्या टाक्यात भोकं राहतात.

लहान हॅचबॅकला ४५ चा साधारण चार मीटर आणि ३८ चा पाच-साडेपाच मीटर पाइप लागतो. ४५ × २.५ चं वजन मीटरला २.६ किलो, ३८ × २.५ चं २.२ किलो. प्लेटा धरून अर्धा केज २२ ते २५ किलोत बसतो. त्याहून बराच जड झाला तर पाइपची भिंत पुन्हा मोजा.

साचा आणि बेंडिंग

८ मिमीची सळई वाकवून बी-पिलरच्या (पुढच्या आणि मागच्या दारांमधला खांब) आतून हूपचा साचा करा. पिलर आणि छप्पर यांच्यापासून १५ ते २० मिमी फट ठेवा. त्याहून जास्त आत आलात तर सीट मागे सरकत नाही. हूप बाजूने बघताना ओळंब्याशी १० अंशांच्या आत असावा.

बेंडची मध्यरेषेची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट, म्हणजे ४५ च्या पाइपला १३५ मिमी. ९० अंशांच्या एका बेंडमध्ये २१२ मिमी पाइप लागतो, पण कोपरा काटकोनी धरून मोजलं तर २७० मिमी येतात. म्हणून प्रत्येक बेंडमागे ५८ मिमी वजा करायचे. दोन पाय ११०० आणि रुंदी ११५०, तर ३३५० वजा ११६, म्हणजे ३२३४ मिमी. दोन्ही टोकांना धरण्यासाठी दीडशे-दीडशे जास्त ठेवा आणि ३५३४ वर कापा. बेंडर सोडल्यावर पाइप दोन-तीन अंश परत उघडतो, म्हणून आधी तुकड्यावर एक बेंड मारून बघा.

ग्रिल आणि रेलिंगवाल्यांच्या बेंडरच्या डाय (साचे) नॉमिनल बोअरच्या पाइपसाठी असतात. त्यात ४५ चा पाइप घातला की तो आतून चपटतो. बेंडवर व्हर्नियर लावा. लहान व्यास मोठ्या व्यासाच्या ०.९ पट तरी हवा. म्हणजे मोठा ४६ आला तर लहान ४१.४ च्या खाली जाता कामा नये. आतल्या बाजूला सुरकुती दिसली तर तो पाइप बाद. गॅसने तापवून सरळ करायच्या भानगडीत पडू नका.

पाय

प्लेट किमान ३ मिमी जाड आणि १२० चौरस सेंमी क्षेत्रफळाची, म्हणजे साधारण १२० × १०० मिमी. ती नुसती फ्लोअरवर ठेवू नका. एल आकारात वाकवून अर्धी फ्लोअरवर आणि अर्धी सिलच्या उभ्या बाजूवर आणा, कारण खरी ताकद सिलमध्ये आहे. कोपरे ग्राइंडरने गोल करा, नाहीतर टोकदार कोपरा पत्र्यात छिन्नीसारखा घुसतो. बोल्टचा केज असेल तर खालूनही तेवढीच प्लेट हवी आणि प्रत्येक पायाला ८.८ ग्रेडचे किमान तीन एम८ बोल्ट. आम्ही एम१० वापरतो आणि ४५ ते ५० न्यूटन मीटरला कसतो. मागच्या आधारांच्या प्लेटा ६० चौरस सेंमीच्या चालतात. त्या शॉकअपच्या वरच्या माउंटिंगला जितक्या जवळ आणाल तितक्या चांगल्या. तिथला पत्रा दुहेरी असतो आणि शेलचा (गाडीच्या पत्र्याच्या मूळ सांगाड्याचा) मागचा भाग पिळत नाही. हे आधार सरळच असावेत, ओळंब्याशी किमान ३० अंश.

वेल्डिंग

आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि एअरबॅगचं मॉड्यूल असेल तर तेही बाहेर काढा. पेट्रोलची टाकी आणि मागची पाइपलाइन उतरवून शेडच्या बाहेर ठेवा. फ्लोअरखालचं डांबरी कोटिंग वेल्डच्या जागेच्या चारी बाजूंनी खरवडून काढा, ते आतल्या आत धुमसतं. आग विझवायचा सिलिंडर आणि एक माणूस फक्त बघायला हवा.

गाडी जॅकवर सिलच्या मध्यावर उचलून केज जोडू नका. शेल वाकलेल्या स्थितीतच जखडला जातो आणि नंतर दारं लागत नाहीत. चारही चाकांच्या बिंदूंजवळ स्टँड लावा, दारांच्या फटी मोजून लिहून ठेवा आणि दारं बंद ठेवूनच टॅक (तात्पुरते छोटे टाके) मारा.

२.५ मिमीच्या पाइपला ०.८ मिमीची ईआर ७०एस-६ तार, आर्गॉन-सीओटू मिश्र गॅस मिनिटाला १२ ते १४ लिटर आणि साधारण १०० ते १२० अँपिअर. पाइपची तोंडं होल सॉने अशी काढा की फट एक मिलिमीटरच्या आत राहील. मोठी फट तारेने भरत बसलात तर टाका वरून जाड दिसतो आणि आत पोकळ राहतो. प्रत्येक जोडाला चार टॅक, मग समोरासमोरचे पाव-पाव भाग. पातळ पत्र्यावर प्लेट जोडताना २० ते २५ मिमीचे तुटक टाके मारा आणि मधे हात लावण्याइतकं गार होऊ द्या.

छपराजवळच्या जोडाच्या वरच्या बाजूला वेल्डिंगची टॉर्च पोचत नाही आणि तिथेच बहुतेक जण तीन-चतुर्थांश वेल्ड करून सोडतात. यावर उपाय आहे. पायाच्या जागी फ्लोअरला पाइप जाईल एवढी भोकं पाडा, टॅक केलेला केज त्यातून ८०-१०० मिमी खाली सोडा, वरचे जोड पूर्ण गोल फिरून वेल्ड करा, मग केज वर घेऊन खाली प्लेटा लावा. या भोकांवर नंतर प्लेट येतेच. वेल्ड दिसायला नको म्हणून ग्राइंडरने सपाट करू नका, तो तिथेच कमकुवत होतो.

मागच्या ॲक्सलचे ब्रॅकेट

सॉलिड ॲक्सल, दोन ट्रेलिंग लिंक (ॲक्सलला पुढे-मागे धरणारे दांडे) आणि आडवा पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा दांडा) असलेल्या मांडणीचं इथे धरलंय. गाडी चालताना जेवढी उंच राहणार त्या उंचीला ॲक्सल स्टँडवर ठेवा. फरशीवर ओळंबा सोडून खडूने मध्यरेषा काढा आणि ॲक्सलचे दोन्ही कर्ण मोजा. फरक २ मिमीच्या आत आणल्याशिवाय एकही टॅक मारू नका.

पॅनहार्ड रॉड लांब आणि त्या उंचीला आडवा हवा. रॉड ९०० मिमीचा असेल तर चाक ५० मिमी वर गेल्यावर ॲक्सल बाजूला १.४ मिमी सरकतो. ४५० मिमीचा असेल तर २.८ मिमी. आणि ९०० चाच रॉड ५० मिमी उतरता बसवला तर पुढच्या ५० मिमीत तो ४ मिमीहून जास्त ढकलतो. उसाच्या ट्रॉल्यांनी खड्डे पाडलेल्या रस्त्यावर ही सरकण स्टिअरिंगमध्ये थेट जाणवते.

पॅनहार्ड रॉडचं बॉडीच्या बाजूचं ब्रॅकेट १५० मिमी खाली लोंबत असेल आणि वळणावर ३०० किलोचा आडवा जोर आला, तर मुळाशी ४५ किलो-मीटरचा मोमेंट पडतो. पातळ मेंबरला (बॉडीखालच्या पोकळ तुळईला) हा एकट्याने पेलत नाही. ब्रॅकेटच्या तळापासून समोरच्या मेंबरपर्यंत एक आडवा पाइप न्या. एकाच कानावर (ब्रॅकेटच्या भोक असलेल्या प्लेटवर) बोल्ट लटकवू नका, दोन कानांच्या मधेच बुश (रॉडच्या टोकाची रबरी नळी) बसला पाहिजे. कान ५ मिमी प्लेटचे, भोक ड्रिलने पाडलेलं आणि भोकाच्या मध्यापासून प्लेटची कड भोकाच्या व्यासाच्या किमान दीडपट लांब. १२ मिमीच्या बोल्टला १८ मिमी, आम्ही २० ठेवतो. गॅसने पाडलेल्या भोकात बोल्ट खुळखुळतो आणि भोक लवकरच अंडाकार होतं.

मेंबरमधून बोल्ट आरपार जात असेल तर आत २० मिमी बाहेरच्या आणि १२ मिमी आतल्या व्यासाची स्लीव्ह घालून दोन्ही बाजूंनी वेल्ड करा. नाहीतर बोल्ट कसला की पोकळ मेंबर चेपतो, बोल्ट सैल पडतो आणि तुम्ही तो पुन्हा पुन्हा कसत राहता. बोल्टचा आटा कानात येऊ देऊ नका, कानात गुळगुळीत दांडाच हवा.

वेल्ड करताना कान आत ओढले जातात. दोन्ही कानांत १२ मिमीचा डमी बोल्ट आणि मधे बुशच्या रुंदीपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठी नळी घालूनच टाके मारा. ॲक्सलच्या नळीवर एका बाजूने सलग वेल्ड मारला तर ती केळ्यासारखी वाकते आणि टायर आतून झिजतात. २५ मिमीचे टाके आलटून पालटून मारा. अर्थची क्लिप टाक्याशेजारीच लावा. ती चाकाच्या बाजूला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो, गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात आणि काही दिवसांत चाकातून घूं-घूं आवाज यायला लागतो.

तपासणी

रंगाआधी सगळ्या जोडांना डीपी टेस्ट (भेगेत शिरणारा रंग, म्हणजे डाय, लावून करायची तपासणी) करा. जोड पुसून लाल डाय मारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, कपड्याने पुसा आणि पांढरा डेव्हलपर फवारा. क्लीनर थेट जोडावर मारू नका, तो भेगेतला डायही धुऊन नेतो. लाल रेष दिसली तर टाका पूर्ण उकरून नव्याने मारायचा, वरून लेप नाही. मग प्रायमर, रंग आणि डोकं पोचेल तिथे एफआयए ८८५७-२००१ चं कडक पॅडिंग. पाइपवर गुंडाळायचा साधा फोम बोटाने दाबला की तळाला जातो, डोक्याला तो काही वाचवत नाही.

रबरी बुशचे बोल्ट शेवटी, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना कसा. हवेत लटकत्या ॲक्सलवर कसले तर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि लवकरच फाटतो. एम१२ च्या ८.८ बोल्टला साधारण ८५ न्यूटन मीटर, १०.९ ला ११५ ते १२०. प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढा, १०० किलोमीटरला एकदा आणि ५०० ला पुन्हा गाडीखाली जाऊन त्या रेघा जुळतात का बघा.