गणपती ते दिवाळी : वजन सांभाळताना या चुका टाळा

गणपती, नवरात्र, दिवाळी, मग तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. वर्षभर नेटाने चालणारी माणसंही या तीन-चार महिन्यांत डाएट सोडून देतात. त्याचं खापर मात्र उगाच मोदकांवर फुटतं.

पहिली चूक उद्दिष्टातच असते. सणासुदीतही महिन्याला दोन किलो कमी करायचं ठरवलं, की पहिल्याच आठवड्यात हिशेब चुकतो आणि ‘आता जानेवारीपासून बघू’ सुरू होतं. या दिवसांत आहे ते वजन टिकलं तरी भरपूर झालं. 2000 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या 195 प्रौढांचा अभ्यास आला होता. तिथल्या नाताळच्या सुट्ट्यांत वजन सरासरी अर्ध्या किलोहूनही कमी वाढलं, पण पुढे ते उतरलं नाही. दरवर्षी असं थोडं थोडं साठत जातं.

सणाचा दिवस आणि फराळाचा डबा

चतुर्थीला वर तूप घालून चार मोदक खा, खुशाल खा. खरा घोळ होतो दिवाळीनंतर पंधरा दिवस टेबलावर उघड्या राहिलेल्या डब्यांमुळे. तळलेल्या चकली-शेवेत 100 ग्रॅमला सुमारे 500 कॅलरी असतात. चहाबरोबर येता-जाता 50 ग्रॅम पोटात गेले, तर दोन कोरड्या पोळ्यांहून जास्त झालं आणि ते जेवणात कुणी धरतच नाही. वाटीत घेऊन, बसून खा. डबे वरच्या फळीवर ठेवा. भाऊबीज झाली की उरलेलं ऑफिसात वाटून टाका. तिथे पाच मिनिटांत फडशा पडतो.

‘गुळाचं आहे, चालतं’ हाही असाच एक भ्रम. गूळ आणि साखर यांच्या कॅलरीत नाव घेण्यासारखा फरक नाही.

उपवासाने भरपाई

नवरात्रात नऊ दिवस उपवास करूनही वजन वाढल्याची तक्रार दरवर्षी ऐकू येते. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यात दाण्याचं कूट, तूप, वर बटाटा. वाढेल नाही तर काय! वरी-राजगिरा, दही, ताक, फळं यांवर भर द्या आणि खिचडी एकदाच घ्या. रात्री लग्नाचं जेवण आहे म्हणून दिवसभर उपाशी राहणंही तसंच अंगाशी येतं. भुकेलेला माणूस पंगतीत आधी जिलबीकडे हात घालतो.

आग्रहाचं काय करायचं? पान रिकामं दिसलं की वाढपी वाढायला थांबतोच. पानात कोशिंबीर किंवा उसळ शिल्लक ठेवा, हळूहळू जेवा. दुसऱ्यांदा मागायचंच तर वरण मागा, यजमानही खूश.

प्रवासात

गणपतीला मुंबई-गोवा महामार्गावर गाडी अडकली की प्रत्येक थांब्यावर वडापाव, भजी, चहा. त्यात भुकेपेक्षा कंटाळा जास्त असतो. शिवाय ‘पुढे काही मिळेल न मिळेल’ ही धास्तीही असते. म्हणून पोळी-भाजी, काकडी, केळी, फुटाणे घरून न्या. दोन चमचे साखरेचे सहा चहा झाले की 50 ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाते, आणि मोठ्या माणसाला दिवसभरात एवढीच पुरे. स्वच्छतागृहाच्या भीतीने पाणी तोडू नका, बद्धकोष्ठ होतं.

परतल्यावर लगेच काटा

दोन किलो वाढलेले दिसतात आणि माणूस हाय खातो. एक किलो चरबी साठायला साधारण 7,700 कॅलरी जास्तीच्या लागतात; चार दिवसांत दोन किलोंसाठी रोज जवळपास 3,900 जादा खाव्या लागतील. काट्यावरचा बराचसा आकडा मिठाने आणि पिष्टमय पदार्थांनी धरून ठेवलेल्या पाण्याचा असतो. नेहमीचं जेवण सुरू करून चार-पाच दिवसांनी, सकाळी अनशापोटी वजन करा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर उपवास करण्याआधी किंवा जेवण टाळण्याआधी डॉक्टरांना विचारा. प्रवासात औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको.