पोपड्याची मागची बाजू बघा : जुन्या गाडीची ॲल्युमिनियम ट्रिम रंगवताना या चुका टाळा

जुनी गाडी पुन्हा उभी करताना इंजिनावर महिने जातात, बॉडीवर वर्ष जातं आणि खिडक्यांभोवतीच्या बोटभर रुंदीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या शेवटच्या एका दुपारी उरकल्या जातात. सँडपेपर फिरवला, काळ्या रंगाचा स्प्रे मारला, झालं. संध्याकाळी पट्टी अशी दिसते की दृष्ट काढावी. काही महिन्यांनी गाडी पुसताना फडक्याबरोबर रंगाचा लांबलचक पोपडा हातात येतो.

तो पोपडा फेकू नका. उलटा करा आणि उजेडात धरा. मागची बाजू गुळगुळीत असेल, त्यावर प्रायमर (रंगाआधी धातूवर मारायचा पकड देणारा थर) चिकटलेला असेल आणि पट्टीवर त्याचा मागमूस नसेल, तर प्रायमरने धातूला धरलंच नव्हतं. प्रायमर पट्टीवर शाबूत असेल आणि नुसता रंग सुटला असेल, तर बिघाड प्रायमर आणि रंग यांच्यामध्ये आहे. मागे पांढरी भुकटी दिसली, तर रंगाखाली ॲल्युमिनियमचा पांढरा गंज वाढतोय. हे न बघता पुन्हा रंग मारला, तर पुढच्या वेळी तोच पोपडा थोडा जाड होऊन निघतो, एवढाच फरक.

कशावर रंग मारतोय हेच न तपासणं

बहुतेक पोपडे पहिल्या प्रकारचे असतात, म्हणून इथे जरा थांबू. आधी पट्टी खरंच ॲल्युमिनियमची आहे का बघा. चुंबक चिकटला तर ती नक्कीच ॲल्युमिनियमची नाही. पण चिकटला नाही म्हणून लगेच खुश होऊ नका, काही स्टेनलेस स्टीललाही चुंबक चिकटत नाही. हातात तोलून बघणं जास्त भरवशाचं. ॲल्युमिनियमची घनता घनसेंटिमीटरला २.७ ग्रॅम, स्टीलची ७.८ च्या आसपास. फरक तळहाताला कळतो.

खरी फसगत पुढे आहे. चकचकीत दिसणारी पट्टी उघड्या धातूची नसतेच बहुधा. ती ॲनोडाइझ केलेली असते, म्हणजे विजेच्या साहाय्याने धातूच्याच पृष्ठभागावर ऑक्साइडचा कठीण थर वाढवलेला असतो. माणिक आणि नीलम ज्याचे बनतात, तेच हे ॲल्युमिनियम ऑक्साइड. गाडीच्या सजावटी पट्ट्यांवर हा थर काही मायक्रॉनचाच असतो, पण शेवटी त्याची सूक्ष्म छिद्रं बंद केलेली असतात. पाणी आत जाऊ नये म्हणून केलेली ही सोय प्रायमरलाही आत येऊ देत नाही. नुसतं पुसून त्यावर रंग मारणं म्हणजे काचेवर मारल्यासारखंच.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. तो रेझिस्टन्सवर लावा आणि दोन्ही टोकं पट्टीवर हलकेच टेकवा. आकडा शून्याजवळ आला तर धातू उघडा आहे. वीज वाहतच नसेल तर वर ॲनोडायझिंग किंवा लॅकर, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर, आहे. टोकं दाबू मात्र नका, थर ओरखडून धातूपर्यंत गेली की मीटर खोटं बोलतो. लॅकर की ॲनोडायझिंग हे ओळखायला मागच्या बाजूला पेंट रिमूव्हरचा ठिपका लावून बघा. लॅकर मऊ पडून सुरकुततं, ॲनोडायझिंगला काही होत नाही. कॉस्टिक सोडा असलेला रिमूव्हर मात्र इथे चालणार नाही, तो ॲल्युमिनियमच खातो.

ॲनोडायझिंग सगळीकडे धड असेल आणि पट्टी पूर्ण रंगवायची असेल, तर तो थर काढायच्या फंदात पडू नका. गंजाविरुद्ध त्याच्याइतकं चांगलं काही तुमच्याकडे नाही. ४०० नंबरच्या सँडपेपरने किंवा मरून स्कॉच-ब्राइटने (घासायच्या खरखरीत जाळीने) चमक घालवा आणि वर इपॉक्सी प्रायमर (दोन भाग मिसळून मारायचा) द्या. थर जागोजागी खाल्ला गेला असेल, तर तो सँडपेपरने पूर्ण उतरवून सगळीकडे सारखा धातू उघडा करा. ॲनोडायझिंग कॉस्टिक सोड्यानेही निघतं. पण थर संपल्यावर सोडा थांबत नाही, धातू खाऊ लागतो, हायड्रोजन वायू सुटतो, द्रावण तापतं आणि पट्टीवर काळपट साय बसते. लांब पट्टी घरच्या टबात एकसारखी बुडवणंही जमत नाही, एक टोक कोरलेलं आणि दुसरं तसंच राहतं. माझं मत विचाराल तर हे काम ॲनोडायझिंगवाल्याकडेच द्यावं.

आधी घासणं, मग पुसणं

क्रम उलटा हवा. जुन्या पट्टीवर वर्षानुवर्षांचं मेण आणि सिलिकॉनवालं पॉलिश बसलेलं असतं. आधी सँडपेपर चालवलात, तर ते प्रत्येक ओरखड्यात आणखी खोल चेपून बसतं. मग ओला रंग गोल गोल खळगे करून मागे सरतो. हे ‘फिश आय’ वर आणखी जाड कोट मारून भरत नाहीत. तो कोट उतरवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

म्हणून आधी साबणाच्या पाण्याने धुवा, मग ग्रीस काढणाऱ्या सॉल्व्हंटने पुसा, मग घासा, मग पुन्हा पुसा. पुसताना दोन फडकी लागतात : एकाने ओलं करायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्याने टिपून घ्यायचं. एकाच फडक्याने फिरवत राहिलं की चिकटा फक्त इकडचा तिकडे जातो. झालं की स्वच्छ पाणी ओतून बघा. पाणी अखंड पडद्यासारखं पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ. थेंब थेंब होऊन तुटलं तर अजून काम बाकी आहे.

लोखंडी तार आणि ग्राइंडर

स्टील वूल किंवा लोखंडी तारेचा ब्रश ॲल्युमिनियमवर वापरू नका. लोखंडाचे कण मऊ धातूत रुततात, ओल मिळाली की गंजतात आणि त्यांच्याभोवतीचं ॲल्युमिनियमही पोखरून टाकतात. रंगातून वर येणारे तांबूस ठिपके त्याचेच. तयार पट्टीवर ते दिसले, तर वरून टच-अप करून काही होत नाही.

ग्राइंडरचं नेहमीचं चाक तर नकोच. ॲल्युमिनियम वितळून चाकाच्या छिद्रांत भरतं, चाक तापतं आणि फुटू शकतं. ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेटतेही. लोखंड घासताना उडणाऱ्या ठिणग्यांजवळ ती साचू देऊ नये.

प्रायमर “उद्या” मारणं

ॲल्युमिनियम घासलं की हवेत त्यावर लगेच नवा ऑक्साइड धरू लागतो. तो पातळ असतो तोवर अडचण नाही, पण दिवसेंदिवस ओल, धूळ आणि बोटांचं तेल त्यावर जमत जातं. घासलेल्या दिवशीच प्रायमर लागला पाहिजे. ते जमणार नसेल तर त्या दिवशी घासूच नका.

दुसरी चूक एचिंग प्रायमर जाड मारण्याची. त्यातलं आम्ल धातूला किंचित कोरून पकड देतं, त्यामुळे त्याचा थर इतका पातळ हवा की खालचा धातू अर्धवट दिसत राहील. जाड थरात आम्ल अडकून राहतं आणि वरचा कोट नीट धरत नाही. एचिंग प्रायमरवर थेट पॉलिएस्टर पुटीही भरू नका, तिचं घट्ट होणंच बिघडतं. एचिंगवर इपॉक्सी हा जोड बरेच रंग बनवणारे त्यांच्या तांत्रिक पत्रकात नाकारतात. “दोन्ही मारले तर दुप्पट पकड” असं वाटतं खरं, पण दोघांपैकी एकच निवडा. मी इपॉक्सी निवडतो.

बाकी काही चुका थोडक्यात. पहिला कोट अर्धवट वाळलेला असताना दुसरा मारला की रंग सुरकुततो, म्हणून डब्यावर दिलेली वेळ पाळा : एकतर तिच्या आत, नाहीतर पूर्ण वाळल्यावर. दमट हवेत पट्टीचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन धरते त्यापेक्षा) निदान ३ अंश सेल्सिअस वर हवं, नाहीतर काळा रंग दुधाळ होतो. सॅटिन, म्हणजे अर्धवट चमकीच्या, काळ्या रंगात चमक कमी करणारी पूड तळाशी बसते. कॅन नीट हलवला नाही, तर एक पट्टी चकचकीत आणि शेजारची मंद निघते. आणि टू-के रंगात, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या रंगात, आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, कापडी मास्क त्यासमोर कुचकामी आहे.

चकचकीत कण्यांमधली काळी रेघ

काही पट्ट्यांवर दोन उंच चमकदार कण्यांच्या (उठावदार कडांच्या) मधल्या खाचेत काळा रंग असतो. सगळे तिथे मास्किंग टेप लावून बसतात. टेप कडेला नीट बसत नाही, रंग खाली झिरपतो, आणि वाळल्यावर टेप ओढली की रेघ करवतीच्या दातांसारखी निघते. टेपच वापरायची तर बारीक व्हिनायल टेप घ्या आणि रंग मऊ असतानाच मागे दुमडून सोडवा.

मला पटलेली रीत वेगळी. खाचेवर सरळ काळा मारा, कण्यांवर आला तर येऊ द्या. मग सपाट लाकडी ठोकळ्यावर सुती कापड ताणून गुंडाळा, त्याला जेमतेम थिनर लावा आणि कण्यांवरून एकाच दिशेने ओढा. ठोकळा सपाट असल्याने खाचेत उतरत नाही, फक्त उंच भाग पुसला जातो. थिनर जास्त झाला की तो वाहून रेघ खातो, म्हणून आधी पट्टीच्या लपणाऱ्या टोकावर करून बघा. कडक झालेल्या टू-के रंगावर हे चालत नाही, साध्या ॲक्रिलिकवर छान जमतं.

उरलेल्या चमकदार भागाला आरशासारखं पॉलिश करून वर क्लिअर लॅकर मारायचा मोह होतो. पॉलिश केलेल्या धातूला ओरखडेच नसतात, मग लॅकर धरणार कशाला? ते कडेपासून पिवळट पापुद्र्यांत सुटतं. तो भाग मेण लावून सांभाळा, किंवा पुन्हा ॲनोडाइझ करून घ्या.

मागची बाजू कोरी सोडणं

आता तो पांढऱ्या भुकटीवाला पोपडा. ही भुकटी बहुतेकदा मागून किंवा कापलेल्या कडेवरून येते. पट्टी पुढून सुंदर आणि मागून उघडी असते, क्लिप स्टीलची, मध्ये पाणी साचतं. दोन वेगळे धातू आणि मिठाचं पाणी एकत्र आलं की ॲल्युमिनियम झिजतं. कडेवर ओरखडा असेल तर दमट हवेत तिथून गंजाचे बारीक, अळीसारखे मार्ग रंगाखाली पसरतात. असा मार्ग दिसला तर दिसतो त्याच्या बराच पुढेपर्यंत रंग काढून धातू उघडा करा.

मागची बाजू, स्क्रूची भोकं आणि कापलेली टोकं, सगळ्यांना प्रायमर द्या. नायलॉनच्या क्लिप मिळत असतील तर त्या वापरा. स्टीलच्याच असतील तर धातूला धातू लागू नये म्हणून मध्ये मेणाचा थर द्या.

बसवायची घाई नको. हाताला कोरडा लागणारा रंग आतून मऊ असतो आणि क्लिप त्यात ठसा उमटवते, म्हणून मी निदान आठवडाभर पट्ट्या टांगून ठेवतो. बसवताना दुसऱ्या टोकाला कुणीतरी धरायला हवं. लांब पट्टी एका टोकाने उचलली की मध्ये मुरगळते, आणि त्या मुरगळीवर रंगाला तडा जातो.