घरचं माणूस हॉस्पिटलमध्ये असेल तर संध्याकाळची प्रार्थना चुकवू नका

घरातलं कोणी अ‍ॅडमिट असलं की सगळा दिवस रिपोर्ट, बिलं, डबा यातच जातो आणि दिवेलागणीला घर अगदी खायला उठतं. तेव्हा एक करून बघा, रोज ७ वाजता फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ कॉल लावायचा, देवासमोर दिवा लावून शुभंकरोती आणि रामरक्षा म्हणायची, ३८ श्लोक आहेत पण पटकन होते.

म्हणताना एकानेच माईक चालू ठेवा, बाकीच्यांनी म्यूट करून बरोबर म्हणा, नाहीतर आवाज मागेपुढे येऊन नुसता गोंधळ होतो. शक्यतो आजीला किंवा लहान मुलांना म्हणू द्या, पेशंटला तोच आवाज हवा असतो. त्याने फक्त ऐकायचं, तेही इअरफोन लावून, शेजारच्या बेडवरच्यांना त्रास नको. आणि तेवढ्या वेळात शुगर किती, डॉक्टर काय म्हणाले हे अजिबात काढायचं नाही!

आयसीयूत फोन चालत नसेल तर रेकॉर्ड करून ठेवा, भेटायच्या वेळेत सिस्टरना विचारून हळू आवाजात लावा. वॉर्डात उदबत्ती, निरांजन मात्र नकोच, तिथे ऑक्सिजन असतो. अंगारा हवा तर आधी विचारा.