ग्रुपवर अंगठा आला म्हणजे कळवलं असं होत नाही (विस्तार विभागात नव्याने लागलेल्यांसाठी)

गेल्या महिन्याभरात तिघांनी विचारलं, ताई, विस्तार विभागात प्रकल्प सहायक म्हणून ऑर्डर आलीय, आधी काय शिकू? एकाला एक्सेल शिकायचं होतं, एकीला अहवाल लिहायला. दोन्ही येईल, हाताखालून दोन कार्यक्रम गेले की येतंच. मी सोलापुरात एका विद्यापीठाच्या विस्तार विभागात ११-११ महिन्यांच्या करारावर तीन वर्षं काढली, चौथं चालू आहे, आणि मला ज्याने सगळ्यात जास्त रडवलं ते एक्सेल नव्हतं. ती होती आपल्याच विभागातली बातमी. कोण कुठल्या कक्षातून कुठे गेलं, कोणाचं काम कोणाकडे आलं, कोण रजेवर आहे. हे कळणं म्हणजे चहावरच्या गप्पा असं मला वाटायचं.

विस्तार म्हणजे विद्यापीठाबाहेर, गावात-वस्तीत जाऊन करायचं काम, हे तुम्हाला माहिती आहे असं धरते. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, १९७७ ला शिकवणं आणि संशोधन याच्या जोडीला विस्ताराला तिसरं अंग म्हटलं, एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, त्याच्याही आधीची, २४ सप्टेंबर १९६९ ला ३७ विद्यापीठांत सुरू झालेली, गावांसाठीचं उन्नत भारत अभियान २०१४ चं. मुलाखतीत विचारतात म्हणून पाठ असतं. पण नीट बघा, एकेक काम वेगळ्या काळात आणि वेगळ्या पैशातून आलं, म्हणून प्रत्येकाचा कक्ष वेगळा, कपाट वेगळं, रजिस्टर वेगळं, अहवाल जायचं ठिकाण वेगळं. चहा एकाच किटलीतला, पण शेजारच्या टेबलावर पुढच्या मंगळवारी काय आहे ते कोणाला माहिती नसतं. आणि वस्तीतल्या माणसाला मात्र आपण सगळे एकच, विद्यापीठाची माणसं.

माझं काय झालं ते सविस्तर सांगते, लांबलं तरी वाचा, कारण या एकाच गोष्टीसाठी हे लिहायला बसले आहे.

पहिलं वर्ष, डिसेंबर महिना. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची मोठी वसाहत आहे, तिला घरकुल म्हणतात, तिथे आमचा कार्यक्रम होता, पुढे कुठलं प्रशिक्षण घ्यायचं ते ठरवायला चार पानी फॉर्म भरून घ्यायचा होता. मी विभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, १८ तारखेला घरकुलला आमचा कार्यक्रम आहे, कोणाचं तिकडे काही असेल तर सांगा. पाच-सहा अंगठे आले. त्यात एनएसएसचं काम बघणाऱ्या सरांचा पण अंगठा होता. झालं, मी समजले की त्यांचं काही नाही, रस्ता मोकळा.

ते सर १० दिवसांपूर्वीच पदभार सोडून परीक्षा विभागात गेले होते. ग्रुपमध्ये मात्र होतेच, कारण ग्रुपमधून कोणाला काढणं वाईट दिसतं. त्यांच्या जागी ज्या मॅडम रुजू झाल्या त्यांना कोणी ग्रुपमध्ये घेतलंच नव्हतं. सरांनी अंगठा दिला तो सवयीने, मेसेज बघितला एवढंच सांगायला. आणि मॅडमच्या एनएसएस कॅम्पची पोरं १७ तारखेला त्याच गल्लीत, त्याच बायकांकडे सर्वे करून गेली होती.

मला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगते. आमच्या विभागाचं दर महिन्याला दोन पानी वार्तापत्र निघतं, पीडीएफ, फक्त स्टाफसाठी. ते टाइप करायचं काम माझ्याकडेच होतं. सरांच्या निरोपाची बातमी मीच टाकली होती, शाल-श्रीफळाचा फोटो, पुढील वाटचालीस शुभेच्छा. कॅम्पचं काम आता कोणाकडे, ही एक ओळ मला सुचली नाही. ती ओळ असती तर मीच मॅडमना फोन केला असता.

१८ ला गेलो. ६० खुर्च्या मांडल्या होत्या, २२ जणी आल्या. या बायकांचा दिवस कसा असतो माहिती आहे ना, केलेल्या विड्या कारखान्यात पोचवायच्या, पानं-तंबाखू घेऊन यायचं आणि मग सूप मांडीवर घेऊन बसायचं, मजुरी हजार विड्यांवर. आपण दोन तास बसवून ठेवलं म्हणजे त्या दिवशीची मजुरी तेवढी कमी. आदल्या दिवशी दोन तास गेले होते, आज परत. पुढे बसलेली एक मावशी फॉर्म हातात घेऊन म्हणाली, "काल पण पोरं यून हेच इचारून गेली की ओ. घरात किती जण, शाळा किती, रक्त तपासलं का. तुमी एकाच हाफिसातले न्हवं? मग एकमेकाला इचारत न्हाई का?" रागावून नाही म्हणाली. खरोखर कळत नव्हतं तिला. माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी मान खाली घालून फॉर्म परत गोळा केले.

म्हणून आता एकदा स्पष्ट सांगते. अंगठा म्हणजे बघितलं. होकार नाही, माझं काही नाही असं पण नाही. आणि ज्याने काहीच टाकलं नाही त्याला तर काही कळलंच नाही असं धरून चाला, कदाचित तो ग्रुपमध्येच नसेल. दुसऱ्या कक्षाशी संबंध येणारी कुठलीही तारीख असेल तर ते काम आज कोणाकडे आहे हे आधी शोधा, मागच्या महिन्यात कोणाकडे होतं ते नाही, आज. मग त्या माणसाला फोन करा किंवा टेबलापाशी जाऊन उभं राहा, आणि ते झाल्यावर दोन ओळींचा मेल टाका, आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे अमुक तारीख, अमुक वस्ती, अमुक गट, आम्ही हे हे विचारणार आहोत, गाडी ही. शेवटचं गाळू नका, काय विचारणार ते. कारण तारखा वेगळ्या असल्या तरी प्रश्न तेच असतील तर लोकांचा वेळ दोनदा जातो. मी फोन करायला लाजत होते, आपण कंत्राटी, समोरचे पर्मनंट, कशाला त्रास द्यायचा. ती लाज त्या बायकांना महागात पडली.

वार्तापत्राचं म्हणाल तर पुढच्या अंकापासून मी एकच बदल केला आणि तो अजून टिकलाय. बदली, रुजू, सेवानिवृत्ती, लांब रजा, कुठलीही बातमी असो, खाली लिहायचं की त्यांच्याकडची कामं कोणकोणती होती, कुठल्या तारखेपासून कोणाकडे, आणि मधल्या दिवसांत कोणाला विचारायचं. सुरुवातीला एक सर म्हणाले, वार्तापत्राचं परिपत्रक कशाला करताय. मी ऐकलं नाही. शुभेच्छा पण ठेवल्या, फोटो पण ठेवले, माणसाला निरोप द्यायलाच पाहिजे, पण नुसत्या शुभेच्छांनी शेजारच्या टेबलाला काही कळत नाही.

एक सावधगिरी बाळगा. कार्यालयीन आदेशाला जावक क्रमांक पडल्याशिवाय बदलीची बातमी घेऊ नका, कितीही खात्रीने कानावर आली तरी, आदेश सहीला जाऊन परत येतात. आजारपणाचं कारण कधीच छापायचं नाही, रजेवर एवढं बास. बाळंतपण, लग्न, घरातलं काहीही, त्या माणसाला विचारूनच.

आता शॉर्टकटबद्दल. मागच्या वर्षीचा अहवाल उघडायचा, तारखा बदलायच्या आणि सबमिट, हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी प्रेमाने शिकवेल. करू नका. मी एकदा केलं, आणि दीड वर्षापूर्वी कार्यमुक्त झालेल्या समन्वयकांचं नाव उपस्थितांत तसंच राहिलं, ते वरपर्यंत गेलं. हल्ली मोबाइलवर एका मिनिटात अहवाल लिहून मिळतो तो पण वाचलाय मी, वाक्यं गुळगुळीत आणि त्यात गावाचा वास नाही.

आणि मार्गदर्शक. नवीन मुलं येतात आणि एका साहेबांना धरून राहतात. माझं मत स्पष्ट आहे, ज्याच्या सहीने काम होतं तो बहुतेक वेळा शिकवत नाही, त्याला वेळ नसतो, त्यात त्याचा दोष पण नाही. मला शिकवलं आमच्या ड्रायव्हर मामांनी आणि आवक-जावकच्या ताईंनी. मामांच्या लॉगबुकात विभागातला प्रत्येक दौरा असतो, कुठला कक्ष कुठल्या दिवशी कुठे गेला, कोणत्याही मीटिंगच्या इतिवृत्तापेक्षा खरं. कुंभारीच्या प्रकारानंतर मामाच म्हणाले, पोरी, निघायच्या आधी मला एकदा विचारत जा, गाडी कुठं लागलीय ते मला ठाऊक असतंय. तेव्हापासून मी सोमवारी सकाळी आधी मामांकडे जाते, मग माझ्या टेबलाकडे. टीमवर्कच्या कार्यशाळा मी तीन केल्या, फुगे फुगवले, गोल करून उभं राहिलो, त्यातून शेजारच्या कक्षाची एक तारीख कळली नाही.

कोण कुठली भाषा बोलतं ही पण स्टाफची बातमीच आहे, आणि सोलापुरात तर फार मोठी. शहराच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, आणि आपण छापील मराठीतला फॉर्म घेऊन जातो. आमच्याकडे तेलुगू घरात बोलणाऱ्या एक मॅडम लेखा शाखेत बिलं तपासत बसलेल्या, विस्ताराच्या कुठल्याच कामात नाहीत, आणि आम्ही दुभाषी शोधत फिरत होतो. वार्तापत्रात एक छोटा चौकोन टाकला, कोणाला काय येतं, त्यातून त्या सापडल्या. एवढं सोपं होतं, आणि एवढे दिवस कोणी विचारलं नव्हतं, मी पण नाही.

वर्षाचं कॅलेंडर पण सगळ्या कक्षांचं एकच भिंतीवर लावा. जिल्ह्यात ११ तालुके आहेत आणि प्रत्येकाचा हंगाम आहे. आषाढीच्या आधी पालख्या माळशिरस तालुक्यात शिरल्या की पंढरपूरपर्यंत दुसरं काही ठेवू नका, आपलेच स्वयंसेवक वारीत असतात. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, तेव्हा शहरात हॉल मिळाला तरी माणसं मिळत नाहीत. मंगळवेढ्यात ज्वारीची काढणी चालू असताना बायकांची बैठक लावू नका. मे महिन्यात दुपारी तर अजिबातच नको, पारा ४२ च्या वर पण जातो.

हे सगळं वाचून घाबरू नका. पहिल्या सहा महिन्यांत एक तरी तारीख चुकणार, कोणीतरी दुखावणार, करार वाढतो की नाही याची धाकधूक प्रत्येक वेळी होणार, ती मला आज पण होते. कुंभारीच्या प्रकारानंतर मी नोकरी सोडायचं ठरवून घरी आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी एनएसएसच्या त्या नव्या मॅडमना स्वतःहून भेटले आणि सांगितलं की चूक माझी, मी तुम्हाला विचारलं नाही. त्या म्हणाल्या, मला तरी कुठं माहिती होतं तुम्ही कोण ते. मग आम्ही दोन्ही फॉर्म टेबलावर शेजारी शेजारी ठेवून प्रश्न जुळवत बसलो, निम्म्याच्या वर सारखे निघाले. ते दुसऱ्यांदा येणारे काढून एकच फॉर्म केला, दोन पानी.

तो फॉर्म घेऊन मार्चमध्ये परत गेलो, एका गाडीतून, एनएसएसच्या मॅडम, लेखा शाखेतल्या त्या तेलुगू बोलणाऱ्या मॅडम आणि मी, वेळ त्या बायकांनाच विचारून ठेवलेली. गेल्या महिन्यात पुन्हा जाणं झालं तेव्हा तीच मावशी दारात सूप घेऊन बसलेली. मला बघून पहिलं विचारलं, "आमच्या भाषेतली मॅडम न्हाई आली व्हय?" म्हटलं मावशी, बाळंतपणाच्या रजेवर आहेत, आता जूनपर्यंत त्यांचं इथलं काम मी बघते. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मग आदी सांग, पोरगा का पोरगी?"