उजनीवर होडी आणि गळ: या चुका टाळा

सकाळचं पाणी बघून दिवसभराचा बेत ठरवणं, ही उजनी धरणावरची सगळ्यात महागात पडणारी चूक. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचं वारं कधी सुटेल याचा नेम नसतो. फुगवटा, म्हणजे धरणामागे साठलेलं पाणी, इतका पसरलेला की मधोमध वाऱ्याला अडवायला काहीच नाही; बघता बघता लाटा होडीच्या काठावरून आत येऊ लागतात. 21 मे 2024 रोजी कळाशी-कुगाव दरम्यान अशाच वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा जण बुडाले. म्हणून उन्हाळ्यात दुपारच्या आत काठाला या. उकाड्यात अचानक गार झोत आला, तर गळ गुंडाळा आणि जो काठ जवळ असेल तो गाठा. गाडी पलीकडे लावली आहे म्हणून पाणी ओलांडायला निघू नका.

लाइफ जॅकेट बाकाखाली ठेवलं, तर ते नसल्यासारखंच. 'मला पोहता येतं' हे उत्तर तर ऐकूच नये. अंगात घालून पट्टे आवळा, मग दुसऱ्याला खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. कानांपर्यंत सरकलं तर ते सैल आहे. लहान मुलांना पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच हवं. होडी उलटलीच तर तिला धरून राहा. काठ दिसतो त्यापेक्षा बराच लांब असतो.

गळ टाकायला सोयीचं म्हणून काही जण नांगर मागच्या टोकाला बांधतात. मागची बाजू बसकी, वर इंजिनाचं वजन. लाट थेट आत. नांगर पुढेच बांधा आणि दोर खोलीच्या पाच ते सातपट सोडा.

इंजिन थरथरून बंद पडलं तर बहुतेक वेळा पंख्यात तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) किंवा जाळं अडकलेलं असतं. किल्ली काढा, इंजिन वर उचला, मगच हात घाला. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बारीक झाली तर पाणी आत घेणाऱ्या जाळीवर जलपर्णी बसलेली असणार. धरणात बुडालेलं पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडण्याइतकं पाणी उतरलं असेल, तर गावांच्या जुन्या भिंतीही वर आलेल्या असतात. तिथे वेग नकोच.

धरणातल्या मासेमारीचा ठेका सहसा मच्छीमार संस्थेकडे असतो, आधी विचारा. त्यांच्या जाळ्यांवरून होडी नेलीत तर शिव्या खाल, आणि त्या रास्तच असतील.

तुटलेला तंगूस पाण्यात टाकू नका. बगळे, करकोचे पायात गुंतून मरतात. उरलेलं जिवंत आमिष दुसऱ्या तळ्यात सोडणं हाही तसलाच प्रकार. बाहेरून आलेला चिलापी (तिलापिया) मासा उजनीत किती माजला आहे, ते कोळ्यांना विचारा. होडी दुसरीकडे न्यायची असेल तर जलपर्णीचा तुकडा न् तुकडा काढा, आतलं पाणी इथेच उपसा आणि ती उन्हात खडखडीत वाळवा. पेट्रोलची टाकी सुटी असेल तर काठावर उतरवून, पाण्यापासून दूर भरा.